हश मनी : तोंड कोणाचे बंद झाले आणि हिशेब कोणी दिला?



३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कमधल्या बारा नागरिकांच्या ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ गुन्ह्यांत दोषी ठरवले. त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर काय फिरत होते ते जरा आठवा. एका बाईचे फोटो, त्याखाली डोळा मारणारे चेहरे आणि म्हाताऱ्याच्या रंगेलपणावर विनोद. मराठी बातम्यांनीही बाईच्या नावाआधी तिचा धंदा लिहिला आणि बाप्याच्या नावाआधी त्याचे पद. गावकुसाबाहेरच्या बाईच्या अब्रूची टवाळी करून गाव कसे मोकळे होते, हे आपल्या आज्यांनी भोगले आहे. तीच टवाळी आपली पोरे हौसेने पुढे पाठवत होती, याचा आम्हाला राग आला. आणि खटला नेमका कशाचा आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते, याचा त्याहून जास्त.

खटला संबंधांचा नव्हता. गप्प बसण्यासाठी पैसे दिल्याचाही नव्हता. ऐकून धक्का बसेल, पण अमेरिकेत एखाद्याला पैसे देऊन, कागदावर सही घेऊन गप्प बसवणे हा मुळात गुन्हाच नाही. वकील तसा करार करून देतात, त्याची फी घेतात. खटला होता तो वहीत खोटे लिहिल्याचा.

आता पैशाचा माग काढू.

स्टॉर्मी डॅनियल्स या अभिनेत्रीचे म्हणणे असे की २००६ मध्ये ट्रम्प यांच्याशी त्यांचा संबंध आला. ट्रम्प ते नाकारतात. त्या खोलीत आम्हाला डोकवायचे नाही. २०११ मध्ये डॅनियल्स यांनी एका मासिकाला मुलाखत दिली, तेव्हा ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी दाव्याची धमकी दिली आणि मुलाखत छापलीच गेली नाही. त्या वेळी गप्पपणाला एक डॉलरही लागला नाही, धमकीवर भागले. पुढे ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ती ध्वनिचित्रफीत बाहेर काढली, जिच्यात बायकांच्या अंगाला हात घालण्याबद्दल ट्रम्प फुशारकी मारताना ऐकू येतात. प्रचार हादरला. २७ ऑक्टोबरला कोहेन यांनी स्वतःच्या घरावर कर्ज काढून, डेलावेअर राज्यात नोंदवलेल्या 'एसेन्शियल कन्सल्टंट्स' नावाच्या कागदी कंपनीमार्फत डॅनियल्स यांच्या वकिलाकडे १,३०,००० डॉलर पाठवले. मतदान ८ नोव्हेंबरला होते. मध्ये बारा दिवस.

दहा वर्षे कोणाला पैसे द्यावेसे वाटले नाहीत, ते या वीस दिवसांत वाटले. का, हे सांगायला विधिज्ञ लागत नाही.

अमेरिकी कायद्याप्रमाणे त्या वर्षी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. कोहेन यांची रक्कम त्याच्या अठ्ठेचाळीस पट. कंपन्यांना तर उमेदवाराला थेट पैसे देण्याची बंदी १९०७ पासून आहे. तरीही 'नॅशनल एन्क्वायरर' छापणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये कॅरन मॅकडूगल या दुसऱ्या बाईंची हकिकत १,५०,००० डॉलरना विकत घेतली आणि दाबून ठेवली. तिकडच्या पत्रकारितेत याला 'कॅच अँड किल' म्हणतात, पकडा आणि मारा. बातमी विकत घ्यायची ती छापण्यासाठी नव्हे, पुरण्यासाठी. कंपनीचे प्रमुख डेव्हिड पेकर यांनी न्यायालयात शपथेवर सांगितले की ऑगस्ट २०१५ मध्येच ट्रम्प टॉवरमध्ये हे ठरले होते. आपल्याकडे पेड न्यूजवर पुष्कळ बोलले जाते. पैसे घेऊन छापलेली बातमी निदान दिसते तरी, पैसे देऊन न छापलेली दिसणार कुठे?

या प्रकरणातली खरी गंमत पुढे आहे. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला स्वतःचे पैसे हवे तेवढे खर्च करायला मोकळीक दिली. म्हणजे ट्रम्प यांनी तोच धनादेश स्वतःच्या खात्यातून फाडला असता आणि 'प्रचारखर्च, गप्प बसवण्यासाठी' अशी संघीय निवडणूक आयोगाकडे नोंद केली असती, तर रकमेला मर्यादा आडवी आली नसती. (अब्जाधीशासाठी कायदा किती मोकळा असतो बघा.) पण नोंद केली की ती मतदार वाचणार. गप्प बसण्याचे पैसे नोंदवले की गप्पपणा तिथेच संपतो. त्यामुळे या धंद्यात खोटा हिशेब अपघाताने होत नाही, तो त्या धंद्याचाच भाग असतो.

तो केलाही गेला. २०१७ मध्ये कोहेन यांना परतफेड झाली. १,३०,००० आणि दुसऱ्या एका कामाचे ५०,०००, या बेरजेची कर भरता यावा म्हणून दुप्पट, वर ६०,००० बोनस, असे ४,२०,००० डॉलर. महिन्याला ३५,००० च्या हप्त्याने, आणि वहीत लिहिले काय, तर वकिलाची फी! ११ बिले, १२ नोंदी, ११ धनादेश, मिळून ३४. बरेचसे धनादेश व्हाइट हाउसमध्ये बसून सही केलेले. न्यूयॉर्क राज्यात धंद्याच्या वहीत खोटे लिहिणे हा किरकोळ गुन्हा आहे. दुसरा गुन्हा लपवण्यासाठी लिहिले तर तो गंभीर होतो. इथे दुसरा गुन्हा होता बेकायदा मार्गाने निवडणूक जिंकण्याचा कट.

ट्रम्प यांची बाजू म्हणते, हा खासगी खर्च होता, कुठल्याही नवऱ्याने बायकोपासून लपवले असते. हा बचाव फालतू नाही, अमेरिकेतल्या काही जाणत्या कायदेपंडितांनीही तो मांडला आहे आणि एकदा तो चाललाही आहे. २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन एडवर्ड्स होते. त्यांचे लग्नाबाहेरचे संबंध आणि त्यातून झालेले मूल लपवायला दोन धनिक हितचिंतकांनी दहा लाख डॉलरच्या आसपास पैसा पुरवला. एका वृद्ध वारसदार बाईंच्या धनादेशांवर तर खुर्च्या, टेबल असे लिहिलेले होते, जणू फर्निचरचीच खरेदी. एडवर्ड्स म्हणाले, हे सगळे आजारी पत्नीपासून लपवायला. २०१२ मध्ये ज्युरीने एका आरोपातून त्यांना निर्दोष सोडले, बाकी पाचांवर एकमत झाले नाही, आणि सरकारने खटला सोडून दिला. तेव्हा डेमोक्रॅट काय आणि रिपब्लिकन काय, आम्हाला कोणाचे झेंडे उचलायचे नाहीत. कसोटी एकच हवी : उमेदवारी नसती तर हा खर्च झाला असता का? ट्रम्प यांच्याबाबत उत्तर २०११ ने देऊन ठेवले आहे. शिवाय कोहेन यांची साक्ष अशी की पैसे देणे निवडणुकीनंतरपर्यंत लांबवा, मग त्याने काही फरक पडणार नाही, असे ट्रम्प यांचेच म्हणणे होते. बायकोची भीती निवडणूक झाल्यावर संपत नसते.

आता शिक्षा कोणाला झाली ते बघू. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हा भाग चटकन कळेल.

कोहेन यांनी २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला, त्यात प्रचारनिधी कायद्याचे दोन आरोप होते. तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ते तुरुंगात गेले. हिशेब बघणारे अ‍ॅलन वाइसेलबर्ग दुसऱ्या प्रकरणांत दोनदा तुरुंगात जाऊन आले. एन्क्वायररच्या कंपनीला १,८७,५०० डॉलर दंड झाला. डॅनियल्स यांच्या वकिलाने त्यांच्याच पुस्तकाचे जवळपास तीन लाख डॉलर लाटले, त्यासाठी तो गजाआड गेला. खुद्द डॅनियल्स यांनी ट्रम्प यांच्यावर केलेला बदनामीचा दावा फेटाळला गेला आणि ट्रम्प यांच्या वकिलांचा खर्च त्यांच्याच डोक्यावर बसला. ४ एप्रिल २०२३ रोजी ट्रम्प आरोपी म्हणून न्यायालयात उभे होते, त्याच दिवशी दुसऱ्या न्यायालयाने डॅनियल्स यांना आणखी १,२१,००० डॉलरहून जास्त भरायला सांगितले.

आणि साहेब? संघीय निवडणूक आयोगाच्या विधी विभागाने चौकशीची शिफारस केली होती. २०२१ मध्ये आयुक्तांची मते पडली दोन विरुद्ध दोन, कारवाईला लागतात चार. फाइल बंद. न्यूयॉर्कच्या खटल्यात ३४ गुन्हे सिद्ध झाले आणि १० जानेवारी २०२५ रोजी शिक्षा सुनावली : कैद नाही, दंड नाही, देखरेख नाही. दहा दिवसांनी शपथविधी. त्या निकालाविरुद्धही त्यांची कोर्टबाजी चालूच आहे.

ज्याच्या फायद्यासाठी सगळे झाले तो वर, आणि ज्यांनी हात काळे केले ते खाली. मनूला वाचायला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणतात. खरे आहे, पण त्याची शाळा तिथेही चालते.

मग आपण इथे हे का वाचायचे? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ संसदेत आला तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते. उमेदवाराचा खर्च, त्याची मर्यादा, त्याचा हिशेब, भ्रष्ट आचार, हे सगळे त्यात आहे. त्या कायद्याचे पुढे काय केले ते बघा. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की पक्षाने किंवा मित्रांनी उमेदवाराच्या माहितीने, त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून कलम ७७ ला स्पष्टीकरण चिकटवले : मित्राने किंवा पक्षाने केलेला खर्च उमेदवाराचा धरू नये! म्हणजे आपल्याकडच्या कोहेनला तेव्हा घर गहाण टाकायचीही भीती नव्हती, कायदाच त्याच्या पाठीशी. २००३ मध्ये ते स्पष्टीकरण बदलले. पण कलम ७७ आजही हिशेब मागते तो नामनिर्देशनापासून निकालापर्यंतचाच. त्याआधी कोणाचे तोंड कितीला बंद केले, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाला मर्यादाच नाही. हिशेब ठेवला नाही तर दंड संहितेत शिक्षा काय होती? पाचशे रुपये दंड. नव्या न्याय संहितेत पाच हजार.

तोंडबंदीचा पैसा आपल्याला नवा नाही. गावाकडे त्याला 'मिटवणे' म्हणतात. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहते. पोरांच्या शिक्षणाचे बघू, विहीर खोदून देऊ, कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता. साक्षीदार फितूर होतो आणि लोक म्हणतात, विकला गेला. विकत घेणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. डॅनियल्स यांच्या बाबतीत जगाने हेच केले.

आणि मिटवण्याचा धाकटा भाऊ आहे 'बसवणे'. हे लिहिताना आम्हाला आमच्याच माणसांचा राग ओढवून घ्यायचा आहे. निवडणुकीत निळा झेंडा घेऊन अर्ज भरायचा आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत बसायचे. रात्रीतून काय घडले हे सगळ्या वस्तीला ठाऊक असते, बोलत कोणी नाही. हे फक्त गद्दारीचे प्रकरण नाही. कलम १२३ प्रमाणे माघारीसाठी मोबदला देणे आणि घेणे, दोन्ही लाचखोरीत येते. तो पैसाही कोणाच्या तरी वहीत 'मंडप', 'जेवणावळ', 'गाडीभाडे' म्हणून बसतो, किंवा कुठेच बसत नाही. डॅनियल्स यांनी निदान शपथ घेऊन, उलटतपासणी सोसून, आपण किती घेतले आणि कोणाकडून घेतले ते भर न्यायालयात सांगितले. आपले बसलेले उमेदवार ते कधी सांगणार?

एक काम मात्र आजही हातात आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणीही नागरिक तो पाहू शकतो. आम्ही एकदा तसे गेलो. कारकून म्हणाला, उमेदवाराचे पत्र आणा. आम्ही नियम दाखवला. तो साहेबांकडे गेला. तासाभराने बाहेर आला आणि आधी विचारले, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" मतदार आहोत म्हटल्यावर त्याने आम्हाला नीट पाहून घेतले आणि कपाटाची किल्ली शोधायला लागला. ती फाइल आमच्याआधी कोणी मागितलीच नव्हती.