जुन्या मोटारीचा व्यवहार : किल्ली नव्या हाती, जबाबदारी जुन्याच माथी

दिल्लीत लाल किल्ल्याजवळ १० नोव्हेंबर २०२५ रोजी मोटारीत झालेल्या भीषण स्फोटाचा तपास सुरू झाला, तेव्हा वाहनाच्या नोंदणीवरून पोलीस प्रथम पोहोचले ते हरियाणातील एका जुन्या मालकापर्यंत. त्याने ती मोटार बऱ्याच काळापूर्वी विकून टाकली होती आणि त्यानंतर ती अनेक हातांतून गेली होती. स्फोटामागील कटाचा तपास हा सुरक्षा यंत्रणांचा विषय आहे. मात्र या घटनेने देशातील कोट्यवधी वाहनधारकांना लागू पडणारा एक साधा प्रश्न पुन्हा समोर आणला. विकलेली मोटार खरोखरच विकली गेली आहे काय?

भारतात आज नव्या मोटारींपेक्षा वापरलेल्या मोटारींची विक्री अधिक होते. पहिल्यांदाच चारचाकी घेणारे कुटुंब, मुलाच्या नोकरीसाठी गाडी शोधणारा निवृत्त कर्मचारी किंवा ग्रामीण भागातील छोटा व्यावसायिक यांच्यासाठी जुनी मोटार हाच परवडणारा मार्ग असतो. अशा खरेदीपूर्वी बहुतेकांचे प्रश्न इंजिन, मायलेज आणि किंमत यांच्याभोवती फिरतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण सर्वांत महागात पडणारी चूक बहुधा इंजिनात नसून कागदपत्रांत असते.

कायद्याच्या दृष्टीने मालक कोण?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येनुसार वाहन ज्याच्या नावावर नोंदलेले आहे, तो त्याचा मालक. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे किंवा मुद्रांकित कागदावर काय लिहून घेतले आहे, यावर हे ठरत नाही. अधिनियमाच्या कलम ५० नुसार एकाच राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत, तर दुसऱ्या राज्यात विक्री झाल्यास ४५ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवावे लागते. खरेदीदारावर ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची नोंद करून घेण्याचे बंधन आहे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज भरावे लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५ लागतो. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असल्यास नमुना २८ मध्ये ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते.

या तरतुदीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात मिळते. मागे घेतल्या जाणाऱ्या मोटारीने २००९ मध्ये एका लहान मुलाचा बळी घेतला होता. नोंदणीकृत मालकाचे म्हणणे असे होते की, त्याने ती मोटार २००७ मध्येच विकली असून नंतर ती आणखी काही जणांकडे गेली. परंतु नोंदणी पुस्तकात नाव त्याचेच होते. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अपघातग्रस्तांच्या कुटुंबाने एकामागून एक झालेल्या तोंडी व्यवहारांचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्या निकालाचे सूत्र होते.

कोऱ्या अर्जांची प्रथा

तरीही नाव न बदलता गाडी फिरत राहण्याची प्रथा टिकून आहे आणि त्यामागे आर्थिक कारणे आहेत. विक्रेता नमुना २९ व ३० वर स्वाक्षऱ्या करून खरेदीदाराचा रकाना कोरा ठेवतो आणि कागद दलालाच्या हाती देतो. दलाल गाडी स्वतःच्या नावावर करीत नाही. त्यामुळे शुल्क वाचते, मधल्या व्यवहाराची नोंद कोठेही होत नाही आणि पुढील ग्राहकाला गाडी ‘एका हाताची’ म्हणून अधिक भावात विकता येते. खरेदीदारही आरटीओच्या फेऱ्या टाळण्यासाठी ‘पुढे पाहू’ म्हणतो. पैसे हातात पडल्यामुळे विक्रेता निश्चिंत असतो. सर्वांच्या सोयीचा वाटणारा हा व्यवहार अपघात, गुन्हा किंवा थकलेली चलने समोर आली की एकट्या जुन्या मालकाच्या गळ्यात पडतो.

ही साखळी तोडण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची सूचना पोर्टलवर दिली की तो ‘मानीव मालक’ ठरतो आणि त्या काळातील जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी चाचणी, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच बाहेर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. नियम चांगला आहे; परंतु ओळखीच्या दलालामार्फत होणाऱ्या असंख्य व्यवहारांना तो तेव्हाच उपयोगी पडेल, जेव्हा विक्रेता स्वतः अधिकारपत्र पाहण्याचा आग्रह धरेल.

विम्याचा गैरसमज

‘गाडीचा विमा चालू आहे’ या वाक्यावर अनेक खरेदीदार विसंबून राहतात. कायद्याच्या कलम १५७ नुसार तृतीय पक्षाचा विमा वाहनासोबत नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. मात्र नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करणे आवश्यक असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप मिळत नाही. नाव न बदललेल्या गाडीची टक्कर झाल्यास दावा वादात सापडण्याची शक्यता मोठी असते.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजेच नो क्लेम बोनस, ही गाडीची नसून व्यक्तीची असते. ती कमाल ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. विक्रेत्याने ती आपल्या नव्या गाडीसाठी राखून ठेवावी आणि खरेदीदाराने ती गृहीत धरू नये. फास्टॅगचेही तसेच आहे. विक्रेत्याने तो बंद केला नाही, तर दुसऱ्याच्या प्रवासाचा पथकर त्याच्या खात्यातून वजा होत राहतो.

वय, राज्य आणि किंमत

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले, तर २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आले. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, तेव्हा हा खर्च हिशेबात धरावा लागतो.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबविण्यात आली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यावरील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. या अनिश्चिततेमुळे दिल्लीतील सुस्थितीतील गाड्या अन्य राज्यांच्या बाजारात आकर्षक भावात येतात. परंतु ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील फेरनोंदणी आणि तेथील रस्ता कर हे सर्व मिळविल्यावर तो भाव तितका आकर्षक राहतोच असे नाही. परराज्यातील क्रमांकाची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

किंमत ठरवितानाही नव्या परिस्थितीचा विचार हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीची किंमत जुन्या आकड्यांवरून काढणे म्हणजे विक्रेत्याला जास्तीचे पैसे देणे होय. जुन्या गाड्यांवरील १८ टक्के कराबाबतही गैरसमज आहेत. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागतो. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकल्यास ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार रुपये कर होतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकल्यास तो लागू होत नाही.

प्रत्यक्ष गाडी पाहताना

कागदपत्रे तपासल्यानंतर वेळ येते ती गाडीची. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ प्रणालीवर मालकाचा अनुक्रमांक, बोजा, विमा आणि थकीत चलने पाहता येतात. नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळावेत. किलोमीटरचा आकडा फिरविणे अवघड राहिलेले नाही. म्हणून तो सर्व्हिसिंगच्या नोंदी, पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि टायर यांच्याशी जुळतो काय, हे पाहावे. टायरवरील चार अंकी संख्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ मधील तेविसावा आठवडा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. पाहायला जाण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल, तर कारण विचारावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर शीतक इंजिनात शिरत असल्याचे लक्षण असू शकते. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावेत. वरचा भाग स्वच्छ धुतला जातो, पण गुंडाळलेल्या पट्ट्यात चिखलाची रेघ राहते. सीटखालील लोखंडी पट्ट्यांवरील गंज आणि स्टेपनीच्या खाचेतील गाळही बरेच सांगून जातो. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस असो वा सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर, अशा आपत्तींनंतर बुडालेल्या गाड्या साफ होऊन दूरच्या बाजारात पोहोचण्याचा धोका असतो. सुरक्षेच्या दृष्टीने १ जुलै २०१९ नंतर निर्माण झालेल्या मोटारींना प्राधान्य द्यावे, कारण तेव्हापासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेवटचे मत मात्र विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीचे घ्यावे. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

देखभाल आणि दुरुस्ती

जुनी गाडी घरी आणल्यावर इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि शीतक बदलून नव्याने हिशेब सुरू करणे हिताचे. त्यासाठीची रक्कम खरेदीच्या वेळीच बाजूला ठेवावी. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलबाबत जुन्या गाड्यांच्या मालकांत चिंता आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलण्याची गरज भासू शकते, असे सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले आहे. हे काम मोठे नसले, तरी इंधनाची गळती दुर्लक्षिण्यासारखी नसते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांसाठी अशी गाडी घेतल्यास ती गाळणी तुंबते. ज्यांचा महामार्गावर नियमित प्रवास नाही, त्यांनी पेट्रोल गाडीचाच विचार करावा.

कंपनीचे सेवा केंद्र की नाक्यावरचे गॅरेज, हा प्रश्नही जुनाच आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे त्याचे कारण होते. हा आदेश पुढे न्यायालयीन वादात गेला. परंतु ग्राहकाचा निवडीचा हक्क त्यातून चर्चेत आला. ऑइल, ब्रेक, क्लच यांसारखी कामे चांगला मिस्त्री कमी खर्चात करू शकतो. एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची कामे मात्र योग्य उपकरणे असलेल्या ठिकाणीच सोपवावीत. दोन्हीकडे पक्के बिल घ्यावे, कारण पुढे गाडी विकताना तीच नोंद किंमत टिकवून ठेवते. व्यापाऱ्याने फसविल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीसाठी हा मार्ग सहसा खुला नसतो. तेथे आधीची तपासणी हेच संरक्षण.

नियमांची कमतरता आता राहिलेली नाही. प्रश्न आहे तो सवयीचा. खरेदीदार इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, पण नोंदणीच्या तारखा वाचत नाही. विक्रेता नोटा मोजून घेतो, पण नाव बदलले की नाही हे पाहायला परत जात नाही. विक्री पत्रावर तारखेसोबत वेळ लिहून घेणे, नमुना २९ स्वतः दाखल करणे, त्याची पोच जपून ठेवणे आणि महिन्याभराने पोर्टलवर नाव बदलल्याची खात्री करणे, एवढेच विक्रेत्याला करायचे असते. गाडी अंगणातून गेली म्हणजे ती विकली गेली असे नाही. नोंदणी पुस्तकातून नाव निघाले, तरच ती विकली गेली.