वनस्पतींची पांजरपोळ

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखात जांभ्या दगडाचा सडा भट्टीसारखा तापतो. अशा उन्हातही गडग्याच्या कडेचा निवडुंग हिरवा राहतो. त्याचे रहस्य संयमात आहे. कॅक्टस आणि निवडुंग यांसारख्या बहुतेक मांसल वनस्पती दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात; म्हणून पाण्याचा अपव्यय टळतो. रात्री केवळ कर्बवायूची साठवण होते, अन्न सिद्ध होते ते सूर्योदयानंतरच. रात्रिभोजनत्यागाचे संस्कार लाभलेल्या आपल्या घरांना याचे कौतुक वाटेल.

आपल्या पूर्वसूरींनी या वनस्पती बारकाईने पाहिल्या होत्या. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ ग्रंथात थोर, कोरफड, गुळवेल यांची गणना साधारण वनस्पतिकायात केली आहे. तोडल्यावरही पुन्हा रुजणे हे त्यांचे एक लक्षण. एका देहात अनंत जीव, म्हणून श्रावकाच्या आहारात त्या वर्ज्य ठरल्या. परंतु ताटातून वगळल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

हरियाणातील पंचकुला येथे या प्रश्नाचे एक उत्तर पाहावयास मिळते. डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या ध्यासातून १९८७ साली तेथे सुमारे ७ एकरांवर राष्ट्रीय कॅक्टस उद्यान उभे राहिले. तेथे २५०० हून अधिक जाती आहेत. खरे कॅक्टस मूळचे अमेरिकेचे. आपला चिकाचा निवडुंग वेगळ्या कुळातला. मात्र या उद्यानाचे विशेष वैभव म्हणजे आपल्याच देशातील माकडशिंगी आणि तिच्या दुर्मीळ होत चाललेल्या बहिणी. निराधार गुरांना जशी पांजरपोळ, तसा या मुक्या जीवांना हा आश्रय.

आपण एवढे उद्यान उभारू शकणार नाही. पण व्यापारी माणसाला मालाचे मूळ विचारण्याची सवय असते. दुकानाच्या काउंटरवर कॅक्टसची कुंडी ठेवताना तोच प्रश्न विचारावा : हे रोप कोठून आले? रोपवाटिकेत वाढविलेले असेल तर घ्यावे. सड्यावरून वा रानातून उपटलेले घेऊ नये, विकूही नये. गोदामासाठी सड्यावर जागा घेतली की जेसीबी प्रथम गडग्यावरच्या निवडुंगावरच फिरतो. कुंपणाची तेवढी एक ओळ राखली, तर आपले काय उणे होणार आहे? अनंत जीवांना मात्र अभय मिळेल.