शेवटून तिसरा

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही 437 किलोमीटरची बहुटप्पा सायकल शर्यत झाली. त्या आठवड्यात वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुम्हीपण अशा शर्यतीत गेला होता ना? कितवा नंबर आला?" मी म्हणालो, "शेवटून तिसरा." वर्ग हसला आणि मीही हसलो. परंतु नंतर आठवले की याच अनुभवावर काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी पाऊण तास भाषण केले होते, आणि त्या पाऊण तासात हे दोन शब्द एकदाही आले नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो, असे म्हणता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

शर्यत म्हणजे 'टूर ऑफ निलगिरीज'. 2008 पासून होणारा हा हौशी सायकलस्वारांचा उपक्रम. तो सर्वस्वी शर्यत नव्हे. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवायचे, आणि त्यांतला ठरावीक पट्टा तेवढा घड्याळावर मोजला जायचा. ज्याला स्पर्धा करायची त्याने करावी, इतरांनी निसर्ग पाहावा. मी स्पर्धेत नाव दिले होते. तयारी म्हणाल तर तासगाव ते मणेराजुरी, पुढे कवठे महांकाळ, आणि रविवारी दंडोबाचा डोंगर. पहाटे द्राक्षबागांत औषधफवारणी चाललेली असे, तिचा वास नाकातोंडात घेऊन परत यायचे आणि दहाच्या तासाला वर्गावर उभे राहायचे. वय बेचाळीस. ही तयारी पुरेशी नाही हे मला पहिल्याच दिवशी कळले.

भाषणात मी काय सांगितले? पाचव्या दिवशी कल्लट्टीच्या घाटात पाय थांबले, डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या क्षणी शेतात राबणारे वडील आठवले, आणि मी उठून पुन्हा पायडल मारू लागलो. टाळ्या पडल्या. वडील त्या घाटात मला आठवले नव्हते. मसिनगुडीहून उटीकडे चढणाऱ्या त्या रस्त्याला छत्तीस वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर त्याचा आकडा लिहिलेली पाटी आहे. मला आकडे दिसत होते, बाकी काही दिसत नव्हते. बाविसाव्या की तेविसाव्या वळणावर एक मनुष्य सायकल धरून उभा होता. आदल्या दिवसापर्यंत वेळेच्या यादीत तो माझ्या वर होता. त्याला उभा पाहून मला आनंद झाला. नुसता दिलासा वाटला असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही, तो निखळ आनंद होता, आणि त्या आनंदावर मी पुढची चार वळणे चढलो. त्याने हाताने पाणी मागितल्यासारखे केले असावे. माझ्या बाटलीत पाणी होते.

हे स्नेहसंमेलनात कसे सांगणार?

आणखी एक गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या एका दिवशी मोकळ्या माळावर समोरून वारा सुटला. वाऱ्यात एकटा सापडलेला सायकलस्वार म्हणजे भरल्या नदीत उलटा पोहणारा. अशा वेळी पुढच्या सायकलच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिले तर पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. त्याची रीत अशी की काही वेळ एकाने वारा अंगावर घ्यायचा, मग कोपर हलवून खूण करायची आणि मागच्याने पुढे यायचे. एक तमिळ गृहस्थ मला त्या दिवशी जवळजवळ वीस किलोमीटर आपल्या मागे घेऊन गेले. त्यांनी तीनदा कोपर हलवले. मी तिन्ही वेळा पुढे गेलो नाही. दम नव्हता हे अर्धसत्य. उरलेले अर्धे असे की मागे बरे वाटत होते. चौथ्यांदा त्यांनी कोपर हलवले नाही आणि वेगही वाढवला नाही. मुक्कामी पोचल्यावर त्यांनी मान डोलावली, मी इंग्रजीत आभार मानले. आमच्या दोघांच्या वेळा सारख्याच नोंदल्या गेल्या.

माझे म्हणणे असे आहे की बहुटप्पा शर्यतीचा अनुभव मुळात हा आहे: उसनवारी, असूया, दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि ज्याचे देणे लागतो त्याच्याच शेजारी बसून पोहे खाणे. एका दिवसाच्या शर्यतीत हे घडत नाही, कारण संध्याकाळी माणसे पांगतात. अखंड चालणाऱ्या दीर्घ शर्यतीतही हे निराळेच असते. 2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी पूर्ण केलेली 'रेस अक्रॉस अमेरिका' घ्या. तिथे घड्याळ थांबतच नाही, झोपही वेळेतून वजा होते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे नऊ हजार किलोमीटरची, पंधरा टप्प्यांची शर्यत. टप्प्यांच्या शर्यतीत घड्याळ मुक्कामी थांबते. रात्र सर्वांना सारखी मिळते, आणि सकाळी कालचा हिशेब घेऊन सगळे पुन्हा एका रेषेवर उभे राहतात. कादंबरीच्या प्रकरणांशी याचे असलेले साम्य साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

परंतु मराठीत हा अनुभव लिहायला बसले की एकच साचा हाताशी येतो. सामान्य घर, मोठे स्वप्न, अडथळा, खचण्याचा क्षण, एखादी स्मृती, आणि जिद्द. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी तो रूढ केला, व्याख्यानमालांनी पक्का केला. आता तर दहावीच्या निबंधातील मुलेही त्याच साच्यातून आपली आयुष्ये काढतात. या साच्याचा दोष तो भाबडा आहे हा नव्हे. त्यात दुसऱ्या माणसाला जागा नसते, हा त्याचा दोष. आई-वडील आणि गुरू आठवणीपुरते येतात, स्पर्धक येतच नाही. ज्याच्या चाकामागे मी वीस किलोमीटर गेलो तो 'जिद्द' या शब्दात कुठे बसवायचा?

इतरत्र असे का झाले नाही, याचे एक कारण इतिहासात आहे. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत 1903 मध्ये 'लोतो' या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला शर्यत अर्धा मिनिट दिसते, बाकी सारी ती वाचावीच लागते. म्हणजे ती जन्मतःच मजकूर होती, आणि रोजचा रकाना भरायचा तर एका विजेत्यावर भागत नाही. पहिल्या वर्षी साठ जण निघाले, एकवीस पोचले. विजेता मोरिस गारँ याच्यानंतर जवळजवळ पासष्ट तासांनी आर्सेन मियोशो हा शेवटचा आला. त्याचेही नाव आजवर राहिले आहे. पुढे शेवटच्या स्वाराला आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरील लाल दिव्याचे नाव मिळाले. शिवाय 1930च्या दशकापर्यंत या शर्यतीत कोणत्याही संघात नसलेले, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच मुक्काम शोधत धावणारे स्वार असत. या शर्यतीला महाकाव्य मानून रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज'मध्ये (1957) निबंध लिहिला, तो आपल्याकडे सिद्धान्ताच्या अभ्यासक्रमात अधूनमधून डोकावतो. त्याहून मला जवळची वाटते ती डच लेखक टिम क्रॅबे याची 'द रेनर' (1978) ही कादंबरी. लेखक स्वतः हौशी स्वार, शर्यत एका दिवसाची, 137 किलोमीटरची. निवेदकाच्या मनातली क्षुद्रता तीत लपवलेली नाही, आणि म्हणूनच ती वाचवते.

आमच्या भागात उलटे घडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे कारखाना झाला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ती तासगावहून सायकलने तास-सव्वा तासावर आहे, आणि तो रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या कारखान्याच्या आवारातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि 'स्त्री' व 'मनोहर' आली. फ्रान्समध्ये वृत्तपत्राने सायकल शर्यत जन्माला घातली. इथे सायकलच्या दुकानातून, दोन पायऱ्या पुढे, मासिक जन्मले, आणि मधल्या मधे सायकल गळाली. यात कुणाचा दोष नाही. त्या मासिकांपुढे अधिक निकडीचे विषय होते.

साचा नाही म्हणून अडून बसायचे कारण मात्र नाही, कारण टप्प्याटप्प्याचे गद्य मराठीत आहे. दि. बा. मोकाशींचे 'पालखी' (1964) मी दरवर्षी शिकवतो. चालणे, मुक्काम, जेवणाची सोय, दुखणारे पाय, मनातली शंका, सोबतच्यांविषयीचा कंटाळा आणि माया. त्यात कोणी जिंकत नाही आणि वाचकाला स्फूर्ती देण्याची घाई नाही. यावर कोणी म्हणेल की वारीत स्पर्धा नसते, तेव्हा तुलना अस्थानी आहे. आक्षेप खरा आहे. वारीत मागे पडलेल्यासाठी दिंडी थांबते, शर्यतीत मागे पडलेल्यासाठी मागून गाडी येते. पण मोकाशींकडून घ्यायचा तो विषय नव्हे. घ्यायचे ते, स्वतःला नायक न करता प्रथमपुरुषी लिहिण्याचे धाडस. तेवढे मला त्या व्यासपीठावर झाले नाही.

याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. आमच्या तालुक्यातली, जत आणि जमखंडीकडची मुले जत्रेतल्या सायकल शर्यतींत उतरतात. त्यांना हा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी जवळून ठाऊक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका मुलाने प्रथम वर्षाच्या निबंधात जत्रेच्या शर्यतीवर लिहिले होते. दीड पानभर त्याने एवढेच लिहिले होते की शर्यतीच्या आदल्या रात्री त्याचे मागचे चाक वाकले, आणि ज्याच्याशी चुरस होती त्याच्याच घरी जाऊन त्याने जुने चाक मागून आणले. त्या घरच्या बाईने आधी चहा दिला, मग चाक. चाकातली हवा कुणी भरायची यावरून दोघे हसले. शर्यत शेवटच्या चार ओळींत संपली होती. नंबर लिहिलेला नव्हता. मी ते दीड पान लाल शाईने आडवे खोडले आणि समासात 'विषयांतर' असे लिहिले. दहापैकी चार गुण दिले.

पुढच्या निबंधात त्याने वडिलांवर लिहिले. त्याला मी सात दिले.