सोप्या पॅटर्नची बाजू

बास गिटार शिकणाऱ्याने सुरुवातीला मूळ स्वर, त्याचा पंचम आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर एवढ्यावरच हात बसवावा, या शिस्तीवर एक आक्षेप हमखास येतो. असल्या घोकंपट्टीने कल्पकता मरते, त्यापेक्षा पहिल्यापासून स्लॅप आणि जलद फिरती शिकवा, असं म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. ड्रमचा ठेका आणि गाण्यातले कॉर्ड एकत्र बांधून ठेवणं हे बासचं पहिलं काम. बासचा स्वर उशिरा पडला, की ड्रमवाला लयीत असूनही अख्खं गाणं ढेपाळतं.

‘पण यात शिकण्यासारखं आहे काय?’ जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी, शेजारच्या तारेच्या पाचव्यावर त्याचा पंचम डी, पुढच्या तारेच्या पाचव्यावरच वरचा जी. जागा पाच मिनिटांत पाठ होतात, हे खरं. खरी मेहनत पुढे आहे. डी वाजत असताना जाड तार मागे घुमत राहते आणि सगळं गढूळ होतं. ती गप्प करायला, तार छेडणारं बोट तिच्यावरच येऊन टेकावं लागतं. स्वर कुठे तोडायचा हे डाव्या हाताचा दाब सैल करण्यावर ठरतं. मेट्रोनोम 60 वर लावला, की दोन ठोक्यांमधली जागा इतकी मोठी होते की घाई लपत नाही. वेगात हेच दोष झाकले जातात, म्हणून वेग नंतर.

‘मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन?’ त्याच्या बासच्या ओळी गुंतागुंतीच्या होत्या, यात वाद नाही. पण उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवणाऱ्या याच माणसाने 1964च्या ‘माय गर्ल’ची सुरुवात अगदी मोजक्या स्वरांवर उभी केली. बेन ई. किंगच्या 1961च्या ‘स्टँड बाय मी’मध्ये तर बासची एकच आकृती गाणंभर फिरते, आणि ते गाणं त्या आकृतीवरूनच ओळखलं जातं.

अशा सरावाचा कंटाळा येतो, हा आणखी एक आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. एकाच जागी, कान बंद ठेवून वाजवलं तर कंटाळा येणारच. म्हणून तीच आकृती जी, सी, डी अशी कॉर्डमागोमाग सरकवावी. ती हातात बसली, की मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरावा आणि पहिली मात्रा स्वतःच्या हिमतीवर वाजवावी.