घरांतलीं सात मतें

निवडणुकीचा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाचा भाव एकाएकीं चढतो. एरव्हीं रस्त्यांत दृष्टीस पडल्यास मान वळवून जाणारे गृहस्थ पायरीशीं जोडे काढून वर येतात, प्रकृतीची विचारपूस करतात, आपण आमच्या हाताखालीं शिकल्याची आठवण काढतात, आणि उठतां उठतां मुद्द्यावर येतात. २०२४ सालीं लोकसभेच्या निवडणुकीच्या वेळीं असेच एका उमेदवाराचे दोघे प्रचारक आमच्या ओसरीवर आले. हातांत मतदारयादीचीं पानें होतीं. आमच्या घराच्या क्रमांकावर बोट ठेवून त्यांतील प्रौढसा दिसणारा गृहस्थ म्हणाला, "मास्तर, आपल्या घरचीं सात मतें. आमचींच धरूं ना?" आम्हीं सुपारी कातरतां कातरतां उत्तर दिलें, "धरा."

यांत आपण कांहीं विशेष केलें असें आम्हांस मुळींच वाटलें नाहीं. आमच्या तीर्थरूपांनीं शब्द दिला म्हणजे तो सर्व घराचा शब्द होई. त्यांच्या पश्चात् तो मान आमच्याकडे आला, इतकेंच. परंतु रात्रीं पंक्तीस भात वाढतां वाढतां आमच्या धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, दुपारीं आपण सात मतें देऊन टाकलींत. त्यांतलें माझें कोणतें?"

शब्द नम्र होते आणि स्वरही नम्र होता; पण पंक्तीवर शांतता पसरली. धाकट्या चिरंजीवांनीं पानावरून मान वर केली नाहीं. प्रश्न विचारण्याचा व्यवसाय आम्हीं जन्मभर केला; प्रश्न ऐकून घेण्याची संवय मात्र तितकीशी जडली नाहीं. अशा प्रसंगीं मास्तर मंडळी जें करतात तेंच आम्हीं केलें, म्हणजे एक ऐतिहासिक उदाहरण काढलें. एका घरचीं मतें फुटूं देणें किती धोक्याचें असतें हें पटविण्यासाठीं आम्हीं दादाभाई नौरोजी यांच्या निवडणुकीची हकीकत सांगितली. ती वाचकांसही थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सर्व घोटाळा तिनेंच केला.

दादाभाई मूळचे आमच्याच व्यवसायांतले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणिताचे अध्यापक होते. १८४९ सालीं मुंबईंत मराठी व गुजराथी मुलींच्या शाळा निघाल्या त्या खटपटींतही ते अग्रभागीं होते. १८५५ सालीं व्यापाराच्या निमित्तानें ते विलायतेस गेले, आणि हिंदुस्थानचें द्रव्य तिकडे कसें वाहून जातें याचा हिशेब मांडण्यांत त्यांनीं पुढील आयुष्य वेंचलें. हा हिशेब ज्यांच्यापुढें मांडावयाचा त्यांच्या सभेंतच आसन मिळविलें पाहिजे असा निश्चय करून १८८६ सालीं, वयास साठ वर्षें झालीं असतां, ते लंडनच्या होबर्न मतदारसंघांतून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. प्रतिपक्षाचे कर्नल डंकन यांस ३,६५१ मतें पडलीं आणि दादाभाईंस १,९५०. पराभव सपशेल होता.

पुढें १८८८ च्या नोव्हेंबरांत खुद्द मुख्य प्रधान लॉर्ड साल्सबरी यांनीं एडिंबरो येथील भाषणांत त्या निवडणुकीचा उल्लेख केला, आणि ब्रिटिश मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसास निवडून देण्याइतके पुढें गेले आहेत असें आपणांस वाटत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले. परिणाम मात्र उलटा झाला. वृत्तपत्रांत गिल्ला झाला, लिबरल पुढाऱ्यांनीं निषेध केला, आणि ज्यांनीं दादाभाईंचें नांवही ऐकलें नव्हतें त्यांच्या तोंडीं तें खेळूं लागलें.

एव्हांना दादाभाईंनीं मध्य फिन्सबरी हा मतदारसंघ धरला होता. त्यांतील क्लार्कनवेल ही पेठ घड्याळें आणि दागिने घडविणाऱ्या कारागिरांबद्दल प्रसिद्ध होती. घड्याळाचीं चाकें कापीत बसलेल्या मनुष्यास गंगा-नर्मदेच्या कांठच्या दारिद्र्याशीं काय कर्तव्य? त्याचें मत हवें तर त्याच्याच शहराच्या आणि त्याच्याच देशाच्या प्रश्नांवर त्याच्याशीं बोललें पाहिजे. दादाभाईंनीं हें ओळखलें. आयर्लंडच्या स्वराज्यासारखा तेथील ज्वलंत प्रश्न त्यांनीं आपला मानला. घरचा विरोधही थोडा नव्हता. स्वपक्षांतीलच दुसरा एक इच्छुक त्यांची उमेदवारी मान्य करीना, आणि तें भांडण वर्षानुवर्षें चाललें. पण दादाभाई जागेवरून हालले नाहींत. समोर होते कॅप्टन पेंटन. ते १८८६ पासून तेथील सभासद होतेच. शिवाय त्याच भागांतील पेंटनव्हिल ही वसाहत ज्यांच्या नांवानें ओळखली जाते त्या जमीनदार घराण्यांतले होते. एकीकडे स्थानिक जमीनदार आणि दुसरीकडे समुद्रापलीकडून आलेला पारशी अध्यापक, असा हा सामना होता.

१८९२ च्या जुलैमध्यें मतदान झालें.  आंकडे जाहीर झाले ते असे: नौरोजी २,९५९, पेंटन २,९५६. अवघीं तीन मतें! त्यांचें नांव ज्यांच्या जिभेस वळत नव्हतें त्यांनीं ‘नौरोजी’चें ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकलें, म्हणजे निसटत्या बहुमताचे गृहस्थ. पुढें १८९३ सालीं, सनदी नोकरीची परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानांतही घ्यावी असा ठराव कॉमन्स सभेनें ८४ विरुद्ध ७६ मतांनीं संमत केला. सरकारनें तो अमलांत आणला नाहीं, आणि १८९५ सालीं दादाभाई निवडणूक हरले, हें खरें. परंतु हिंदुस्थानचा हिशेब त्या सभेंत आंतून मांडला गेला, तो त्या तीन मतांच्या बळावर.

इतकें सांगून आम्हीं तात्पर्य काढलें. "पाहिलेंत? तीन मतें! आपल्या घरीं सात आहेत. तीं दोहोंकडे वांटलीं गेलीं तर घराचें वजन तें काय राहिलें?"

सूनबाईंनीं आमच्या पानांत ताक वाढलें आणि म्हणाल्या, "पण मामंजी, तीं मतें देणारांस कोणीं सांगितलें होतें? मुख्य प्रधानांचा शब्द तर उलटा होता. जमीनदार समोर उभे होते. कितीएक घरांतल्या वडिलांनींही ‘परक्याला कशाला?’ असेंच म्हटलें असेल. वडिलांचा शब्द मोडणारीं माणसें तेथें निघालीं म्हणूनच दादाभाई निवडून आले ना?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वर्गांत असें झालें म्हणजे घंटा वाजते; घरांत ती सोय नसते.

त्या रात्रीं आम्ही पुष्कळ वेळ ओसरीवर बसून राहिलों. मनांत आलें कीं, १८७२ पूर्वीं इंग्लंडांत मत सर्वांसमक्ष तोंडानें सांगावें लागे. जमीनदार ऐकत असे, मालक ऐकत असे, सावकारही ऐकत असे. त्या सालच्या कायद्यानें गुप्त मतपत्रिका आली. तसें झालें नसतें, आणि पेंटनव्हिलमधील भाडेकऱ्यास पेंटन घराण्याच्या माणसांदेखत आपलें मत उच्चारावें लागलें असतें, तर तीन मतांचें तें आधिक्य टिकलें असतें काय? दादाभाईंस पार्लमेंटांत नेलें तें त्यांच्या विद्वत्तेनें, तसेंच त्या पडद्यानेंही.

आणि या पडद्याचे तर आम्ही स्वतः पहारेकरी! नोकरींत असतांना किती निवडणुकांत आम्हीं मतदानकेंद्रावर काम केलें. आरंभीं कागदी मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का मारून, तिची घडी घालून, ती पेटींत टाकीत. पुढें यंत्रें आलीं. पत्नीच्या मागोमाग पडद्याआड जाऊं पाहणारे पतिराज आणि आईचा हात धरून चिन्ह दाखवूं पाहणारे चिरंजीव आम्हीं किती वेळां हटकले असतील! अंध किंवा अशक्त मतदाराखेरीज कोणासही सोबती आंत नेतां येत नाहीं, हा नियम आम्ही खणखणीत आवाजांत ऐकवीत असूं. एकदां एक वृद्ध गृहस्थ संतापून म्हणाले, "माझ्याच घरचीं माणसें, माझ्याच मनाप्रमाणें मत देणार, यांत सरकारचें काय जातें?" आम्हीं त्यांस शांतपणें बाजूस केलें आणि कर्तव्य बजावल्याचें समाधान मानलें. पण त्याच निवडणुकींत, कामावर निघण्यापूर्वीं, कोणत्या चिन्हावर फुली मारावयाची हें आम्ही आपल्या घरांत सर्वांस बजावून निघालों होतों! केंद्रांतील पडदा आम्हीं डोळ्यांत तेल घालून राखला. घरांतील पडदा मात्र आम्हींच फाडीत आलों.

दुसरे दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं हें सर्व आमच्या कुटुंबास बोलून दाखविलें. ती म्हणाली, "इतकीं वर्षें तुम्हीं सांगितलेंत तेथेंच मत दिलें. एकदां मात्र दिलें नाहीं." आम्ही चकित होऊन विचारलें, "केव्हां?" ती हंसून म्हणाली, "तें सांगावयाचें नसतें. नियम तुम्हीच वाचून दाखवितां ना?"

वाचकहो, आमचा अभिमान तेथेंच उतरला. आम्ही ज्यास घराचें एकमत समजत होतों तें एकमत नव्हतेंच. तो गड्डरिकाप्रवाह होता, पुढची मेंढी जाईल तिकडे मागच्यांनीं जाण्याचा प्रकार. आणि त्या कळपांतील एक मेंढी केव्हांच स्वतंत्र वाटेनें जाऊन आली होती, तें मेंढपाळास ठाऊकही नव्हतें.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, तेव्हांची एक गोष्ट येथें स्मरणीय आहे. मतदारयाद्या तयार होतांना असंख्य स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद त्यांनीं करविली. असली नोंद चालणार नाहीं असा आग्रह मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं धरला, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं. निर्णय कठोर होता, पण त्यामागील तत्त्व खरें होतें. मत असतें तें नांवाच्या माणसाचें, नात्याचें नव्हे. आम्ही हें उदाहरण वर्गांत मोठ्या कौतुकानें सांगत आलों. परंतु ‘अमक्याची आई’ आणि ‘मास्तरांच्या घरचीं सात’ या दोन नोंदींत अंतर तें किती?

मग घरांतील वडील मनुष्यानें तोंड मिटून बसावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आज्ञा गेली तरी सल्ला राहतो, आणि आज्ञेहून सल्ला देणें कठीण, कारण त्यास कारणें द्यावीं लागतात. आम्हीं त्या प्रचारकांस बोलावून, दिलेला शब्द परत घेतला. दिलेला शब्द मागें घेण्याचा आमच्या आयुष्यांतील हा पहिलाच प्रसंग, आणि त्याची लाज वाटली, हें लपवीत नाहीं. परंतु जी वस्तु आपली नव्हे ती देऊन बसणाऱ्यास दुसरा मार्ग कोणता? नंतर घरांत एक नवा परिपाठ घातला. उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांविषयीं शपथपत्र द्यावें लागतें, आणि तें कोणासही पाहतां येतें. आमची नात तेव्हां प्रथमच मतदार झाली होती. तिनें प्रमुख उमेदवारांचीं शपथपत्रें छापून आणलीं, आणि रात्रीं जेवणानंतर रोज एक याप्रमाणें आम्हीं तीं सर्वांदेखत वाचलीं. एका शितावरून भाताची परीक्षा करावी हा स्थालीपुलाकन्याय येथें लागू पडत नाहीं. सबंध पातेलेंच ढवळून पाहावें लागतें.

वाचतां वाचतां वाद झाले. थोरले चिरंजीव म्हणत, पक्ष पाहावा. धाकटे म्हणत, माणूस पाहावा. थोरल्या सूनबाईंनीं एक मार्मिक शंका काढली: गटारें बांधण्याचें काम नगरपालिकेचें; मग लोकसभेचा उमेदवार गटाराचें वचन कोणत्या अधिकारानें देतो, आणि कायदे व अंदाजपत्रक यांविषयीं तो कांहींच कां बोलत नाहीं? आम्हीं आपली पसंती उघड सांगितली, कारणेंही दिलीं. त्यांतील दोन कारणें आमच्या नातीनें तेथल्या तेथें खोडून काढलीं. घरांत फूट पडेल ही जी आम्हांस धास्ती होती ती व्यर्थ ठरली. उलट, आपल्या घरांत इतकीं विचारी माणसें आहेत हें आम्हांस इतक्या वर्षांनीं कळलें.

मतदानाच्या दिवशीं सातही जण बरोबर गेलों आणि बरोबर परतलों. वाटेंत तोच प्रौढ प्रचारक भेटला. शिष्याच्या सलगीनें म्हणाला, "मास्तर, सातांचीं किती झालीं?" आम्हीं सांगितलें, "बाबा, आमच्याजवळ एकाच मताचा हिशेब आहे, आणि तोही देण्याचा नाहीं."

घरीं आल्यावर सर्वांनीं डाव्या हाताचीं बोटें पुढें करून पाहिलीं. शाईची रेघ सातांवरही सारखीच होती. त्या रेघेमागें कोणीं काय केलें हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. धाकट्या सूनबाई चहा घेऊन आल्या तेव्हां विचारावें असें एकदां ओठांवर आलें होतें. आम्हीं कप घेतला आणि साखर नीट पडली आहे एवढेंच म्हटलें.