सुट्टीतले संशोधन कोणाला परवडते?

1906 सालचा उन्हाळा. केंट परगण्यातल्या एका खेड्यात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. काचपट्टीवर मोल या जमीन पोखरणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयाचे पातळ काप होते. त्याचे गुरू आर्थर कीथ पत्नीसह सायकलवर फेरफटका मारून परतले, तेव्हा फ्लॅकने त्यांना हृदयाच्या उजव्या कर्णिकेत सापडलेली एक वेगळीच रचना दाखवली. ठोका जिथून सुरू होतो ती हीच जागा. आज तिला सायनोएट्रियल नोड म्हणतात. 1907 मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापला गेला. सुट्टीतल्या विद्यार्थ्याला बसायला जागा, पाहायला साधन आणि विचारायला गुरू मिळाला, म्हणून हे घडले.

लंडनमधल्या हॅरोच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयालाही संशोधनाची मोठी परंपरा आहे. मेडिकल रिसर्च कौन्सिलचे क्लिनिकल रिसर्च सेंटर 1970 पासून 1994 पर्यंत इथेच होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसतात, हे ईव्ह जॉनस्टन, टिमोथी क्रो आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये इथूनच सीटी स्कॅनच्या आधारे मांडले. आज इम्पीरियल कॉलेजचे विद्यार्थी या रुग्णालयात शिकायला येतात. त्यांतल्या कोणाला सुट्टीतले सहा-आठ आठवडे संशोधनाला देता येतील, हे मात्र हुशारीपेक्षा घरच्या परिस्थितीवर ठरते, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनमध्ये एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या कामगाराचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड झाले. त्या दराने आठवड्याला पस्तीस तास दुकानात उभे राहिले, तर सुमारे 427 पौंड होत. बऱ्याच विद्यार्थ्यांचा पुढच्या वर्षीचा खर्च सुट्टीतल्या याच कमाईवर चालतो. संशोधनासाठी वैद्यकीय संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या मोजक्या. आई-वडिलांचे घर हॅरोत असलेला मुलगा मेट्रोपॉलिटन लाइनने ये-जा करून विनामूल्य काम करू शकतो. दूरच्या गावाहून आलेल्या मुलीला खोलीचे भाडे आधी दिसते. शिवाय अर्जाआधी मार्गदर्शक शोधायचा, त्याचे पत्र मिळवायचे. ज्याचा मामा डॉक्टर आहे, त्याला कोणाचे दार ठोठावायचे हे कळते. बाकीच्यांना ते कळेपर्यंत मुदत टळलेली असते.

महाराष्ट्रातही चित्र फारसे वेगळे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप 1979 पासून चालू आहे. दोन महिन्यांचे काम आणि अलीकडे पन्नास हजार रुपयांपर्यंत नेलेले विद्यावेतन, ही योजना निश्चितच चांगली आहे. पण पैसे मिळतात ते अहवाल सादर होऊन मंजूर झाल्यावर. मिरजेच्या किंवा अंबाजोगाईच्या वसतिगृहातल्या मुलाला मेसचे बिल दर महिन्याला भरावे लागते. नमुने गोळा करायचे, छापील प्रश्नावल्या काढायच्या, तोही खर्च खिशातून. विद्यावेतनाची रक्कम निम्मी आधी आणि निम्मी अहवालानंतर का देऊ नये?

नियम सैल करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मार्च 2006 मध्ये याच नॉर्थविक पार्कच्या आवारातल्या एका खासगी चाचणी केंद्रात टीजीएन 1412 हे औषध टोचलेल्या सहा निरोगी तरुणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. ते वाचले, पण अतिदक्षता विभागातून. रुग्णाशी संबंधित प्रत्येक अभ्यासाला नैतिक समितीची मान्यता का लागते, हे हॅरोला कोणी समजावण्याची गरज नाही. मात्र ती मान्यता मिळवण्याचे ओझे आठ आठवड्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्यावर पडता कामा नये. जूनमध्ये अर्ज भरायचा आणि ऑगस्टमध्ये मान्यता हातात पडायची, तोवर सुट्टी संपते. मार्गदर्शकाने हिवाळ्यातच मान्यता घ्यावी. ती मिळाल्याशिवाय विद्यार्थ्यासाठी जागा जाहीरच करू नये.

विद्यार्थ्याला किमान वेतनाइतके तरी पैसे, तेही काम सुरू होताना, ही जबाबदारी विद्यापीठांची आणि निधी देणाऱ्या संस्थांची आहे. कोणाच्या दानतीवर ती सोडता येणार नाही. तरीही पुढच्या उन्हाळ्यापुरते आपल्या हातात एक काम आहे. पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाला एकेकाळी घरोघरी वार लावून जेवण मिळे. हॅरो-वेम्ब्लीच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुले विद्यापीठात गेल्याने मोकळी पडलेली खोली आज अनेकांकडे आहे. ती आठ आठवड्यांसाठी, जातपात-प्रांत न विचारता, एका विद्यार्थ्याला द्यावी. नॉर्थविक पार्क स्टेशनवरून रुग्णालय चालत पाच-सात मिनिटांवर आहे. महाराष्ट्र मंडळ लंडनने अशा घरांची यादी जानेवारीआधी तयार केली, तर ती अर्जाच्या मुदतीपूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती पडेल.