नावेआधी नाले



मोर्णा नदीत नावा सोडाव्यात, पक्षी पाहता पाहता कचराही निघेल, ही आपल्या वाचकाची सूचना आवडली. नाव हवीच, मधल्या धारेतली जलकुंभी काठावरून हाती लागत नाही. पण तेवढ्याने मोर्णा साफ होईल, हे पटत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांवर अकोलेकर मोर्णेच्या सफाईसाठी घाटांवर उतरले. ‘मन की बात’मध्ये कौतुकही झालं. तरी जलकुंभी परत आलीच. सांडपाण्यातलं नत्र अन् स्फुरद हेच तिचं खत, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. हेच सांडपाणी मोर्णेतून पुढे पूर्णा नदीत जातं. महापालिकेने आधी नाले अडवून पाणी शुद्ध करावं. आणि पाणकोंबड्यांची वीण पावसाळ्यात असते, तेव्हा नावा काठाच्या झाडोऱ्यापासून लांब ठेवाव्यात.

– एक वाचक, अकोला